हार्डवेअर वॉलेट वापरण्याजोगे आहे का? सील, 'अस्सल' तपासणी आणि चोवीस शब्दांची उलटतपासणी

नवे हार्डवेअर वॉलेट, म्हणजे बिटकॉइनची किल्ली सांभाळणारे छोटे उपकरण, घरी आले की मला विचारला जाणारा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो. खोक्यावरचे सील थोडे उचकटल्यासारखे दिसते आहे, किंवा संगणकावरची 'अस्सल उपकरण' ही तपासणी पूर्ण होत नाही, तर हे वॉलेट वापरावे की परत पाठवावे? प्रश्न रास्त आहे आणि तो घाईने सोडवण्यासारखा नाही, कारण येथे झालेली चूक कित्येक आठवडे काहीच त्रास देत नाही आणि मग एका रात्रीत सारी शिल्लक घेऊन जाते. मात्र तपासणी सीलपासून सुरू केली, तर ती बहुधा सीलपाशीच संपते. सुरुवात वेगळ्या प्रश्नापासून करावी: या वॉलेटचे चोवीस किंवा बारा शब्द कोठे तयार झाले, आणि ते आजवर कोणाकोणाच्या नजरेखालून गेले?

आपले बिटकॉइन त्या उपकरणात ठेवलेले नसतात, त्यांची नोंद ब्लॉकचेन या सार्वजनिक खातेवहीत असते. उपकरणात असते ती ते खर्च करण्याची खासगी किल्ली, आणि ते शब्द म्हणजे त्याच किल्लीचे माणसाला कागदावर उतरवून घेता येईल असे रूप. ज्याच्याकडे शब्द त्याच्याकडे पैसे, मग उपकरण आपल्या कपाटात कुलूपबंद असले तरी त्याने काही अडत नाही. ही गोष्ट मनात पक्की ठेवली की पुढची प्रत्येक शंका आपोआप दोनपैकी एका ढिगात पडते: जिच्यामुळे शब्दांना धोका पोहोचतो ती, आणि जिच्यामुळे केवळ गैरसोय होते ती.

एक उदाहरण जवळून पाहिलेले आहे. ओळखीच्या एका तरुणाने सीमाशुल्क आणि कुरिअरचा खर्च वाचवण्यासाठी, निर्मात्याकडून न मागवता, खरेदीच्या संकेतस्थळावरील एका तिसऱ्याच विक्रेत्याकडून वॉलेट घेतले आणि पैसे टाकण्याआधी ते मला दाखवायला आणले. खोक्यावरचे प्लास्टिकचे वेष्टन इतके नीट होते की त्यावर एक सुरकुतीही नव्हती. आत उपकरण, केबल, माहितीपुस्तिका आणि एक जाडसर कार्ड होते. त्या कार्डावर मोबाइलच्या जुन्या रिचार्ज कुपनावर असे तशी चंदेरी पट्टी होती, ती नाण्याने खरवडली की खाली चोवीस शब्द छापलेले दिसत होते, आणि मागच्या बाजूला चार आकडी पिन होता. पट्टी त्याने आधीच खरवडली होती. कंपनीने ग्राहकाच्या सोयीसाठी सारे तयार करून दिले आहे, असा त्याचा प्रामाणिक समज होता. तो समज जर त्याने आणखी एक दिवस बाळगला असता, तर ती रक्कम कार्ड छापणाऱ्याच्या खिशात गेली असती. हीच युक्ती २०१८ च्या जानेवारीत ईबे या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावरील एका पुनर्विक्रेत्याने वापरली होती. लेजर या कंपनीचे नॅनो एस वॉलेट घेणाऱ्या एका ग्राहकाची आयुष्यभराची बचत अशाच खरवडायच्या कार्डामुळे गेली, आणि उपकरण मात्र पूर्णपणे अस्सल होते.

म्हणून पहिला नियम असा की शब्द नेहमी उपकरणाच्या स्वतःच्या पडद्यावर, आपल्या डोळ्यांदेखत, पहिल्यांदाच उमटले पाहिजेत. कोणताही निर्माता छापील शब्द पाठवत नाही. तसेच पहिल्यांदा चालू करताना उपकरणाने स्वागताचा संदेश न दाखवता थेट पिन विचारला, तर ते कोणीतरी आधी वापरलेले आहे. ते बहुधा एखाद्याने परत केलेले असेल, पण आपण तसे गृहीत धरू नये. लेजरवर लागोपाठ तीन वेळा चुकीचा पिन दिला की उपकरण स्वतःला पुसून टाकते. ट्रेझर या दुसऱ्या कंपनीच्या उपकरणावर ही मर्यादा १६ प्रयत्नांची आहे. पुसल्यानंतर अस्सलपणाची तपासणी यशस्वी झाली तर तांत्रिकदृष्ट्या ते उपकरण वापरता येते. तरीही माझे मत विचाराल तर ते परत करावे, कारण वाचणारी रक्कम ही राखायच्या रकमेपुढे नगण्य असते.

न मागवता घरी आलेल्या उपकरणाबाबत तर चर्चाच नको. लेजरच्या ग्राहकांची माहिती २०२० मध्ये फुटली आणि त्यातील सुमारे २ लाख ७२ हजार जणांची नावे, घरचे पत्ते व दूरध्वनी क्रमांक त्याच वर्षीच्या डिसेंबरात उघड झाले. पुढच्या वर्षी त्यांच्यापैकी काहींच्या घरी टपालाने 'बदली' नॅनो एक्स हे लेजरचेच वॉलेट आले. सोबतच्या पत्रात म्हटले होते की सुरक्षेसाठी जुने उपकरण बदलणे आवश्यक आहे. प्रत्यक्षात त्या उपकरणाच्या आत यूएसबी जोडणीला एक छोटा स्टोरेज ड्राइव्ह डकवलेला होता, आणि त्यातील अ‍ॅप वापरणाऱ्याकडून त्याचे जुने चोवीस शब्द मागत असे. २०२५ मध्ये तर उपकरण पाठवण्याचेही कष्ट कोणी घेतले नाहीत. शब्द मागणाऱ्या खोट्या पानाकडे नेणारा क्यूआर कोड छापलेली पत्रेच टपालात पडू लागली.

आता सीलविषयी. लेजर आपल्या खोक्यावर छेडछाड दाखवणारे सील लावतच नाही. सील सहज नकली करता येते, आणि त्याच्या भरवशावर राहिल्यास ग्राहक नको तेथे निर्धास्त होतो, अशी त्यामागची भूमिका आहे. ट्रेझर होलोग्रामची पट्टी वापरते. कोल्डकार्ड हे आणखी एक वॉलेट क्रमांक छापलेल्या बंद पिशवीत येते आणि तोच क्रमांक उपकरणाच्या स्मृतीतही नोंदलेला असतो, त्यामुळे दोन्ही जुळवून पाहता येतात. ही शेवटची पद्धत मला अधिक विचारपूर्वक केलेली वाटते. पण सील फाटलेले असणे हे संशयाचे कारण असले, तरी सील शाबूत असणे हा विश्वासाचा पुरावा नव्हे.

याचे सर्वांत बोलके प्रकरण कॅस्परस्की या कंपनीच्या तज्ज्ञांनी मे २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. एका ग्राहकाने वर्गीकृत जाहिरातींच्या संकेतस्थळावरून घेतलेल्या ट्रेझर मॉडेल टी मधून १.३३ बिटकॉइन गेले होते. खोक्यावरील आणि उपकरणावरील होलोग्राम जागच्या जागी होते, पडदा नीट उजळत होता, सारे पर्याय अपेक्षेप्रमाणे चालत होते. तज्ज्ञांनी कवच उघडले तेव्हा त्याचे दोन भाग कारखान्यात होतात तसे ध्वनिलहरींनी सांधलेले नव्हते. ते भरपूर गोंद आणि दुहेरी चिकट पट्टीने जोडलेले होते. आतला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे उपकरण चालवणारी मुख्य चिप, बदललेला होता आणि त्यातील माहिती बाहेरून वाचू न देणारे वाचन-संरक्षण पूर्णपणे बंद केलेले होते. बूटलोडरची, म्हणजे उपकरण चालू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रोग्रामची, आवृत्ती २.०.४ अशी दिसत होती, आणि ट्रेझरच्या स्वतःच्या बदलनोंदीत लिहिलेले होते की नकली उपकरणांमुळे हा क्रमांक वगळला आहे. म्हणजे पुरावा पडद्यावरच होता, फक्त तो कोणाशी तरी ताडून पाहायला हवा होता. या नकली फर्मवेअरमध्ये, म्हणजे उपकरणाच्या आतील प्रणालीत, शब्द यादृच्छिक निघत नव्हते, ते आधीच तयार केलेल्या २० संचांतून उचलले जात होते. वर पासफ्रेज, म्हणजे शब्दांच्या जोडीला स्वतः ठरवलेला जादा परवलीचा मजकूर, लावली तरी तिचे फक्त पहिले अक्षर विचारात घेतले जाई. त्यामुळे चोराला शोधायच्या होत्या त्या २० संच गुणिले पहिल्या अक्षराचे ६४ पर्याय, म्हणजे अवघ्या १२८० शक्यता. त्याने महिनाभर वाट पाहिली आणि मग रक्कम उचलली.

येथे एक मुद्दा ठासून सांगणे गरजेचे वाटते. 'आधी थोडी रक्कम पाठवून पाहा, ती टिकली तर उपकरण चांगले' हा सर्रास दिला जाणारा सल्ला या प्रकरणात काहीच कामाचा ठरला नसता. छोटी रक्कम चोर मुद्दाम सोडून देतो. छोट्या रकमेच्या चाचणीने आपली लेखी नोंद बरोबर आहे का ते कळते, उपकरण प्रामाणिक आहे का ते कळत नाही. या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

वरच्यासारख्या नकली उपकरणासाठी मात्र घरबसल्या करण्याजोगी एक साधी परीक्षा आहे. पैसे टाकण्यापूर्वी उपकरण आठ वेळा पुसावे, दर वेळी नवे वॉलेट तयार करावे आणि प्रत्येक वेळचे पहिले तीन शब्द एका कागदावर टिपावेत. शब्द खरोखर यादृच्छिक असतील, तर आठ नोंदींत तेच तीन शब्द त्याच क्रमाने पुन्हा येणे व्यवहारात अशक्य आहे. मागे २० ठरलेले संच असतील, तर आठ वेळांत निदान एकदा पुनरावृत्ती होण्याची शक्यता सुमारे ८० टक्के निघते. तासाभराचे काम आहे. चोराकडे हजारो संच असतील तर ही परीक्षा त्याला पकडणार नाही, हे खरे. म्हणून ती पुढच्या तपासणीला जोड म्हणून करावी, तिच्याऐवजी नव्हे.

ती पुढची तपासणी म्हणजे निर्मात्याच्या अ‍ॅपमधून होणारी अस्सलपणाची पडताळणी. लेजरच्या सुरक्षित चिपमध्ये कारखान्यातच एक गुप्त किल्ली बसवलेली असते. अ‍ॅप उपकरणाला एक आव्हान पाठवते आणि उपकरणाने त्या किल्लीने केलेली स्वाक्षरी निर्मात्याच्या सर्व्हरवर तपासली जाते. ट्रेझर सेफ ३ पासूनच्या उपकरणांतही सुरक्षित चिपच्या आधारे अशी पडताळणी होते. त्याशिवाय ट्रेझर फर्मवेअर न घालताच पाठवले जाते, ते आपण पहिल्या जोडणीत स्थापित करायचे असते. नवे म्हणून आलेल्या ट्रेझरमध्ये फर्मवेअर आधीपासून असेल, तर तेथेच थांबावे. फर्मवेअर अधिकृत नसल्याची सूचना चालू होताना पडद्यावर आली, तर ती पुढे ढकलण्यासारखी गोष्ट नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले की बदललेले फर्मवेअर, व्यवहार मंजूर करताना उपकरण करते तशा केवळ दोन स्वाक्षऱ्यांमध्ये दडवून, बारा शब्दांचे संपूर्ण बीज (ज्यातून साऱ्या किल्ल्या निघतात ते मूळ गुपित) बाहेर पोहोचवू शकते, आणि वापरणाऱ्याला त्याचा मागमूसही लागत नाही.

ही पडताळणी अडते तेव्हा लोक सर्वाधिक घाबरतात, आणि नेमके येथेच कारण बहुतेक वेळा अगदी निरुपद्रवी निघते. मी प्रथम केबल बदलायला सांगतो. घरात पडलेल्या पुष्कळ केबल फक्त चार्जिंगच्या असतात. उपकरण उजळते, पण संगणकाला ते दिसतच नाही. त्यानंतर यूएसबी हब काढून थेट संगणकाच्या जोडणीत लावावे, व्हीपीएन बंद करावे, संगणकाची वेळ आणि तारीख बरोबर आहे का ते पाहावे, अ‍ॅप अद्ययावत करावे आणि उपकरणाचा पिन टाकून कुलूप उघडलेले आहे याची खात्री करावी. ब्राउझरचा एखादा टॅब किंवा दुसरे वॉलेट अ‍ॅप उपकरण धरून बसले असेल, तर ते बंद करावे. एवढे करून दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या इंटरनेट जोडणीवर पुन्हा प्रयत्न करावा. 'जोडणी झाली नाही' आणि 'उपकरण अस्सल नाही' हे दोन संदेश एकच नाहीत. पहिला आला तर केबल आणि नेटवर्क शोधत बसावे. दुसरा दोन संगणकांवर आला तर उपकरण खोक्यात परत घालावे आणि त्यावर एक रुपयाही पाठवू नये.

अर्थात ही पडताळणी ज्या अ‍ॅपमधून करायची ते अ‍ॅपच नकली असेल तर सारे व्यर्थ आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत स्टोअरवर लेजरच्या नावाचे खोटे अ‍ॅप आढळले, आणि त्यातून पाच लाख डॉलरहून अधिक रकमेची चोरी झाली. शोधयंत्रात वर दिसणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नये. उपकरणासोबतच्या पुस्तिकेतील पत्ता स्वतः टंकून अ‍ॅप उतरवून घ्यावे. अ‍ॅपने संगणकाच्या कळफलकावर चोवीस शब्द टंकायला सांगितले, की ते नकली आहे असे समजून चालावे. ट्रेझर वनसारख्या जुन्या उपकरणात काही शब्द संगणकावर टंकण्याची पद्धत होती, पण तेथेही कोणत्या क्रमांकाचा शब्द टाकायचा ते उपकरणाचा पडदा सांगत असे.

पडताळणी यशस्वी झाली, शब्द पडद्यावर उमटले, कागदावर लिहून झाले. आता उलटतपासणी. हे शब्द २०४८ इंग्रजी शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात आणि पहिली चार अक्षरे जुळली की शब्द निश्चित होतो. आपल्याकडे घरातील ज्येष्ठ मंडळी ते शब्द सोयीसाठी देवनागरीत उतरवून ठेवतात, आणि तेथे गफलत होते. या यादीत 'बरोबर' या अर्थाचा राइट आहे आणि 'लिहिणे' या अर्थाचाही राइट आहे. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून शब्द रोमन लिपीत, मोठ्या सुट्ट्या अक्षरांत, क्रमांकासह लिहावेत. शेवटच्या शब्दात आधीच्या साऱ्यांची पडताळणी दडलेली असते: तेवीस शब्द ठरल्यावर चोविसाव्या जागी २०४८ पैकी फक्त ८ शब्द चालतात. त्यामुळे लिहिण्यातली बहुतेक चूक परत भरताना उघडी पडते, पण त्यासाठी परत भरून पाहावे लागते, आणि हेच काम लोक टाळतात.

ते असे करावे. उपकरणावर पहिला बिटकॉइन पत्ता उघडून तो कागदावर पूर्ण उतरवून घ्यावा. त्या पत्त्यावर आपल्याला गमावणे परवडेल इतकीच रक्कम पाठवावी. मग उपकरण जाणूनबुजून पुसून टाकावे आणि केवळ कागदावरचे शब्द पाहून, उपकरणाच्या बटणांनीच, ते पुन्हा भरावेत. पहिला पत्ता अक्षरन् अक्षर जुळला आणि ती छोटी रक्कम बाहेर पाठवता आली, की आपली नोंद खरी आहे हे सिद्ध झाले. पुसण्याचे बटण दाबताना हात थरथरतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. पण तो हात थोड्या रकमेवर थरथरलेला बरा.

याच टप्प्यावर आणखी एक तक्रार वारंवार येते: शब्द भरले, काही त्रुटी आली नाही, पण शिल्लक शून्य दिसते. याची दोन नेहमीची कारणे आहेत. पहिले म्हणजे खात्याचा प्रकार. एकाच बीजातून '१' ने, '३' ने आणि 'बीसी१' ने सुरू होणारे पत्ते वेगवेगळ्या मार्गांनी निघतात, आणि अ‍ॅपमध्ये भलताच प्रकार निवडला की रिकामे खाते दिसते. आपल्या जुन्या पत्त्याची सुरुवात पाहून तो प्रकार अ‍ॅपमध्ये जोडावा. दुसरे कारण पासफ्रेजचे. पासफ्रेज कधी 'चुकीची' ठरत नाही. एक अक्षर, एक रिकामी जागा किंवा लहान-मोठ्या अक्षराचा फरक पडला, तरी उपकरण निमूटपणे एक वेगळे, वैध आणि रिकामे वॉलेट उघडून देते. अशा वेळी घाबरून 'साहाय्यता केंद्र' शोधणारे लोक समोरच्याला शब्द सांगून बसतात आणि जे पैसे फक्त दिसत नव्हते ते खरोखरच जातात. शिल्लक दिसत नसेल तेव्हा करायची पहिली गोष्ट म्हणजे काहीच न करणे, आणि जुना पत्ता एखाद्या सार्वजनिक ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे ब्लॉकचेनवरील नोंदी दाखवणाऱ्या संकेतस्थळावर, टाकून रक्कम तेथे आहे का ते पाहणे. ती तेथे दिसली तर शोधायला वेळ भरपूर आहे.

उपकरण अस्सल, शब्द पक्के, तरीही वापर असुरक्षित असू शकतो, आणि याचा धडा मुंबईतून मिळालेला आहे. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या एक्स्चेंजच्या, म्हणजे क्रिप्टो चलनांच्या खरेदी-विक्रीच्या बाजाराच्या, वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची मालमत्ता गेली. कंपनीच्या प्राथमिक निवेदनानुसार स्वाक्षरी करणारे हार्डवेअर वॉलेट वापरत होते, परंतु संगणकाच्या पडद्यावर दिसणारा व्यवहार आणि प्रत्यक्षात स्वाक्षरी झालेला व्यवहार यांत तफावत होती. २१ फेब्रुवारी २०२५ रोजी बायबिट या एक्स्चेंजमधून जवळपास दीडशे कोटी डॉलर गेले तेव्हाही स्वाक्षरी करणाऱ्यांपुढे बदललेले चित्रच होते. वैयक्तिक वापरात याचा अर्थ इतकाच की रक्कम आणि पत्ता नेहमी उपकरणाच्या छोट्या पडद्यावर वाचावा, आणि पूर्ण वाचावा. फक्त पहिली व शेवटची चार अक्षरे पाहण्याची सवय मोडावी. मे २०२४ मध्ये एकाने आपल्या व्यवहारांच्या यादीतून टोकांची अक्षरे सारखी असलेला खोटा पत्ता उचलला आणि सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलर भलतीकडे पाठवले. पडद्यावर नुसतीच अगम्य अक्षरांची माळ येत असेल आणि 'आंधळी स्वाक्षरी', म्हणजे तपशील न वाचता मंजुरी, सुरू करण्यास सांगितले जात असेल, तर व्यवहार नाकारावा.

ज्यांनी संशयास्पद उपकरणावर आधीच रक्कम ठेवली आहे, त्यांनी क्रम चुकवू नये. दुसरे उपकरण थेट निर्मात्याकडून घ्यावे, त्यावर नवे शब्द तयार करावेत आणि जुन्या पत्त्यांवरील सारी रक्कम नव्या पत्त्यावर व्यवहार करूनच हलवावी. नव्या उपकरणात जुने शब्द भरणे म्हणजे जुनी किल्ली नव्या कुलपाला लावणे होय. छापील कार्डासारखा उघड धोका असेल तर नवे उपकरण येईपर्यंत थांबू नये, त्याच दिवशी रक्कम स्वतःच्या एक्स्चेंज खात्यात हलवावी. चोरी झालेली असेल तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी आणि व्यवहाराचे ओळखक्रमांक जवळ ठेवावेत. पैसे सोडवून देतो म्हणून संपर्क करणाऱ्या कोणालाही उत्तर देऊ नये. रक्कम हलवल्यावर जुन्या शब्दांचा कागद मात्र लगेच फाडू नये. जुना पत्ता कोणाकडे तरी जतन केलेला असतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी एखादी रक्कम तेथेच येऊन पडते. ती काढून घेण्यासाठी तो कागद, 'वापरू नये' असे ठळक लिहून, वेगळ्या पाकिटात ठेवावा.